न हलणारा पलंग

मालनबाईंनी पाणी पिणं कमी केलं होतं, आणि ते घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही. एप्रिल लागला होता. सांगलीचा पारा एक्केचाळिसाच्या खाली यायला तयार नव्हता. उशाशी माठ भरलेला असायचा, आणि मालनबाई दिवसभरात जेमतेम दीड-दोन पेले पाणी पीत होत्या. असं सुरू झाल्याच्या बाराव्या दिवशी त्यांना थंडी वाजून ताप भरला आणि त्या असंबद्ध बोलू लागल्या. तेव्हा सून सारिका आणि मुलगा दीपक यांनी त्यांना रिक्षात घालून मिरजेच्या दवाखान्यात नेलं.

"लघवीचा संसर्ग रक्तात उतरायला लागला होता," डॉक्टरीण बाईंनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. "अंगातलं पाणी पार कमी झालंय. एवढ्या उन्हाळ्यात तुम्ही यांना पाणी देत नाही का?"

सारिका सासूच्या खाटेशी जाऊन बसली. मालनबाई आता शुद्धीवर होत्या. हाताला सलाइन लावलेलं होतं. सासूला ती आत्या म्हणायची.

"आत्या, माठ उशाशीच होता ना? मग पाणी का नाही प्यायलात?"

मालनबाईंनी नजर छताकडे वळवली. मग म्हणाल्या, "पाणी प्यालं की उठाया लागतंय. आन उठलं की पलंग पळतोय."

तो पलंग कसा पळतो हे सबंध टेकाडी वसाहतीत तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तिचं कामच ते होतं.

दोन हजार चौतीस सालच्या महापुरात कृष्णाकाठची घरं तिसऱ्यांदा बुडाली, तेव्हा चारशे बारा कुटुंबांना तासगाव रस्त्यावरच्या माळावर नवी घरं मिळाली. हीच टेकाडी वसाहत. घर म्हणजे एक खोली, न्हाणीघर आणि ओटा. लोकांची कपाटं, दिवाण, टेबलं पुरात फुगून गेली होती. तेवढं फर्निचर पुन्हा करायचं तर केवढी तरी झाडं तोडावी लागली असती, आणि ठेवायला जागाही नव्हती. 'समवास' नावाच्या कंपनीनं त्यावर तोड काढली. ती तोड म्हणजे पेर.

उसाच्या पेरावरून पडलेलं नाव. फूटभर लांब, वीतभर रुंद, वजन पावणेदोन किलो. साखर कारखान्यातलं चिपाड साच्यात भरायचं आणि त्यात अळिंबीच्या जातीची बुरशी सोडायची. तिचे पांढरे तंतू आठ दिवसांत चिपाडाचा कण न् कण एकमेकांना शिवून टाकतात. मग भट्टीत भाजून बुरशी मारली की उरतं ते लाकडासारखं कठीण आणि सागवानाच्या निम्म्यानं हलकं. खराब झालं तर कुटून शेतात टाका, खत होतं.

अशी बावीस पेरं जोडली की पलंग होतो. तीच बावीस वेगळ्या रीतीनं जोडली की टेबल आणि बाक. जोडाच्या ठिकाणी चिपाडातूनच काढलेला एक डिंक असतो. त्याचे रेणू एरवी एकमेकांचे हात घट्ट धरून असतात. सत्तर अंशांपर्यंत तापवला की हात सुटतात आणि निवला की पुन्हा धरतात. हे हजारदा केलं तरी डिंक थकत नाही. प्रत्येक जोडातून कार्बनचा एक काळा धागा जातो. त्यातून वीज गेली की जोड तापून सुटतो. पेराच्या पोटाशी असलेल्या पट्ट्या विजेनं आखडतात आणि सैलावतात, त्यामुळे पेर अळीसारखं सरपटत नव्या जागी जातं. पलंगाचं टेबल व्हायला अकरा मिनिटं लागत. पहिल्या वर्षी लोक पाहुण्यांना मुद्दाम ते बघायला बोलवायचे.

चार माणसांच्या घराला चौसष्ट पेरं ठरलेली होती: बावीस पलंगाची, बावीस सोफ्याची (तो फक्त संध्याकाळी मांडला जायचा) आणि वीस कपाट-स्टुलांची. कधी काय व्हायचं ते कंपनीचा नियोजक ठरवायचा. नियोजक म्हणजे एक प्रोग्रॅम. सकाळी नऊ वाजले की पलंग संपला आणि टेबल आलं; दुपारी चारनंतर पुन्हा पलंग. महिनाभर न वापरलेली पेरं सामायिक साठ्यात परत जात आणि दुसऱ्या कुणाच्या कामी येत. अंगावर वजन असलं तर पेर हलायचं नाही, एवढी काळजी मात्र घेतलेली होती. माणूस उठेपर्यंत पलंग वाट बघायचा.

जानेवारीत मालनबाई न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचं ऑपरेशन झालं. नियोजकानं पंचेचाळीस दिवस पलंगाला सवलत दिली, म्हणजे तो दिवसभर पलंगच राहिला. मुदत संपल्यावर सारिकानं वाढवून मागितली, तर उत्तर आलं: रुग्ण दिवसातून सहा वेळा चालत असल्याची नोंद आहे, सबब सवलतीची गरज दिसत नाही. ते सहा वेळा चालणं म्हणजे वॉकर धरून न्हाणीघरापर्यंत जाणं होतं.

परत यावं तर पलंगाच्या जागी टेबल आणि बाक. दीपक बेदाण्याच्या शीतगृहात, सारिका वसाहतीतल्या घरांची पेरं तपासत फिरतेय, नात अन्वी शाळेत. फोनवरून पलंग परत मागवता यायचा, पण दिवसातून दोनदाच, आणि मालनबाईंना ते जमत नव्हतं. शिवलेला खुबा घेऊन ती बाई दुपारभर त्या कडक बाकावर ताठ बसायची. आठवडाभर तिनं ते सोसलं आणि मग स्वतःपुरता इलाज शोधला. उठायचंच नाही.

"मला सांगायचं नाही का?" सारिका म्हणाली.

"तुजं कामच हाय ते. तुला कशाला बोल लावू?"

चौथ्या दिवशी मालनबाई घरी आल्या. सारिकानं रजा टाकली आणि पलंगाशी ठाण मांडलं. ती घरात असली म्हणून नियोजकाला काही फरक पडत नव्हता, पण सासू उठली की आपण तिथं बसायचं, एवढं तिला जमत होतं. दोन दिवस त्या दोघी आळीपाळीनं पलंग धरून बसल्या. असं किती दिवस चालणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी खुबा शेकायला तिनं रबरी पिशवीत उकळतं पाणी भरलं. मालनबाईंच्या बाजूनं पंच्याची चार पदरी घडी घातली होती. पिशवीची दुसरी बाजू उघडी, पलंगाच्या कडेला टेकलेली. अर्ध्या तासानं पिशवी उचलताना कडेचं पेर हलल्यासारखं वाटलं. तिनं बोट लावलं. पेर डगमगत होतं. वीज नाही, हुकूम नाही, आणि जोड सुटला होता.

प्रशिक्षणात तिला शिकवलं होतं की अधिकृत संदेशाशिवाय जोड उघडत नाही. नऊ वर्षं ती चारशे घरांत हेच सांगत आली होती. आता ते सैल पेर तिच्या हातात होतं. संदेशानं फक्त वीज सुटते. जोड उघडते ती ऊब. कुलूप होतं ते विजेला. डिंकाला कुलूप नव्हतंच, कधीच नव्हतं.

रविवारी सकाळी तिनं इस्त्री काढली. पहिल्या जोडावर ओलं फडकं ठेवलं आणि वर इस्त्री टेकवली. घाईनं इस्त्री फार तापवली तर पेर करपलं. दुसऱ्या खेपेला आच कमी ठेवली. सहा मिनिटांत जोड सुटला. चिमट्यानं आतल्या काळ्या धाग्याचं टोक धरून तिनं हळूहळू तो सबंध ओढून काढला. मग पेर जागेवर दाबून धरलं. डिंक निवला. जोड पूर्वीसारखाच घट्ट बसला. फक्त आता त्या पेराला कुणी काही सांगू शकत नव्हतं.

दीपक दारात उभा राहून बघत होता. "सारिका, नोकरी जाईल."

"जाईल."

"आणि बाकीची पेरंही उचलून नेतील. अन्वीची दहावी आहे. ती काय जमिनीवर बसून अभ्यास करणार?"

यावर अन्वीच आत येऊन बसली आणि सुटलेलं पेर दाबून धरायला लागली. "बाबा, त्या टेबलावर मी कधी बसले? नऊ ते चार शाळेतच असते," ती म्हणाली. दीपकनं ओला पंचा पिळून आणून दिला.

दुपारी दोनपर्यंत बावीसही पेरं झाली.

सोमवारी नऊ वाजता घरातली इतर पेरं सरपटू लागली. कपाटाचा खालचा कप्पा सुटून ओट्याकडे गेला, स्टुलं भिंतीला लागली. पलंग तसाच राहिला. मालनबाई वॉकर घेऊन न्हाणीघरात गेल्या आणि मुद्दामच जरा वेळ लावून परत आल्या. पलंगापुढे उभ्या राहिल्या, हातानं दाबून बघितला.

"हाय की," त्या म्हणाल्या, आणि आडव्या झाल्या.

मंगळवारी कंपनीचा व्यवस्थापक अभिजित हिरुगडे घरी आला. पस्तिशीतला, सभ्य, सगळ्यांना अहो-जाहो करणारा माणूस. नियोजकाला बावीस पेरं दिसेनाशी झाली होती. पलंगाशी उकिडवं बसून त्यानं जोड निरखला, करपलेला डाग बघितला, आणि त्याला सगळं कळलं.

"सारिकाताई, हे आणखी कुणाला सांगितलंत?"

"अजून नाही."

त्याला हायसं वाटलेलं दिसलं. "मग ऐका. तुमच्या सासूबाईंना कायमची सवलत देतो. लेखी देतो. तुमची नोकरी तशीच राहील. फक्त हे तुमच्या घरातच राहू द्या."

"आणि बाकीच्या घरांत?"

"बाकीच्यांचा विचार करूनच सांगतोय. साठा मोजका आहे. प्रत्येकानं पेरं अशी मुकी करून घरात अडकवली, तर उद्या पूर आल्यावर नव्या माणसांना काय देणार? शाळेला बाकं कुठून आणणार? तुम्ही स्वतः पुरातून आलात. तुम्हाला पहिल्या दिवशी पलंग मिळाला, तो याच साठ्यातून."

हे खोटं नव्हतं, आणि सारिकाला ते ठाऊक होतं.

"रविवारी वसाहतीची बैठक आहे," ती म्हणाली. "तेव्हा सांगते."

तो गेल्यावर दीपक म्हणाला, "अगं, घे की. आईचं काम झालं. नोकरी राहिली. अजून काय पाहिजे आपल्याला?"

त्याचंही चुकत नव्हतं. सारिका बुधवारपासून पुन्हा फेरीवर गेली. पण आता ती पेरांखेरीज आणखी एक गोष्ट विचारायची: दिवसा आडवं व्हायचं झालं तर तुम्ही काय करता? नऊ वर्षांत हा प्रश्न तिनं एकदाही विचारला नव्हता. एका घरात रात्रपाळीचा पहारेकरी टेबलाखाली चादर टाकून झोपलेला सापडला. वर त्याची बायको शिलाई करत होती. एका घरात सातवा महिना भरलेली पोर फरशीवर पडून होती. "सवय झाली, ताई," ती हसून म्हणाली. एका म्हाताऱ्या मास्तरांनी दम्याचा त्रास कुणाला सांगितलाच नव्हता, कारण सवलत मागितली की तपासणी होते, आणि तपासणीत 'चालतात' असा शेरा मिळतो. शनिवारपर्यंत तिनं अशी एकतीस घरं बघितली. कुणीच तक्रार केलेली नव्हती. सगळे घराप्रमाणे वळायला शिकले होते.

रविवारी सकाळी निघताना तिनं सासूला विचारलं, "आत्या, मी सगळ्यांना सांगून टाकलं, तर तुमची सवलत जाईल. पलंगच राहील, पण मुका."

"मुकाच बरा," मालनबाई म्हणाल्या. "बोलत हुता तवा कुठं माजं ऐकत हुता?"

समाजमंदिरात दीडशेक माणसं जमली होती. अभिजितनं आधीच सांगून टाकलं की पेरांशी छेडछाड म्हणजे कराराचा भंग, आणि त्या घराची सगळी पेरं परत घेतली जातील. मग सारिका उठली. पिशवीतून तिनं दोन जोडलेली पेरं, एक ओलं फडकं आणि इस्त्री काढली. इस्त्रीची वायर भिंतीला लावली.

"नऊ वर्षं मी तुम्हाला सांगत आले की हा जोड फक्त कंपनीच उघडू शकते," ती म्हणाली. "मला तसंच शिकवलं होतं. ते खरं नाही. बघा."

सहा मिनिटं सगळे इस्त्रीकडे बघत होते. जोड सुटल्याचा बारीक आवाज पहिल्या रांगेपर्यंत ऐकू आला. तिनं काळा धागा काढून उंच धरला.

मागून दम्याचे मास्तर उठले. "पोरी, पण हिरुगडे साहेब म्हणतात ते साठ्याचं काय? मी माझा पलंग अडकवला, तर दुसऱ्याचा जाईल ना?"

"जाईल," सारिका म्हणाली. "म्हणून आमच्या घरानं ठरवलंय. पलंगाची बावीस आम्ही ठेवली. त्या बदल्यात सोफ्याची बावीस साठ्यात दिली. आमच्याकडे पाहुणे आले तर ते पलंगावर बसतील. वाटून घेण्याला माझी ना नाही, साहेब. काय सोडायचं आणि काय ठेवायचं, ते मात्र ज्याच्या घरात म्हातारं माणूस आहे त्यानं ठरवावं."

अभिजित काहीतरी लिहून घेत होता. त्यानं मान वर केली नाही.

त्या आठवड्यात त्रेसष्ट घरांनी पलंग मुके केले. सगळंच सरळ झालं नाही. काहींनी पलंग ठेवला आणि बदल्यात काहीच सोडलं नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी शाळेच्या दालनात सात बाकं कमी पडली. अभिजितनं तसा फोटो काढून वसाहतीच्या गटावर टाकला, खाली एक शब्दही न लिहिता. सारिका तो फोटो घेऊन दारोदार फिरली. दोन घरांत तिच्या तोंडावर दार लागलं. संध्याकाळी सातच्या सुमारास पहारेकऱ्यानं आपल्या बायकोच्या शिलाईचं टेबल डोक्यावर घेऊन शाळेत आणलं. त्याच्या मागून इतर आपापली बाकं घेऊन आले. माणसं फर्निचर हातानं उचलून नेताहेत, हे टेकाडीत नऊ वर्षांत पहिल्यांदा दिसलं. बाकं पुरली, वर एक उरलं.

सोमवारी कंपनीचा ट्रक आला आणि पहिल्यांदा सारिकाच्याच दारात थांबला. घरात राहिलेली वीस पेरं हुकमासरशी सुटली आणि ओळीनं उंबऱ्याबाहेर जाऊन ट्रकच्या फळीवर चढली. कपाट गेलं, स्टुलं गेली. कपडे जमिनीवर चादरीत बांधून ठेवले. पलंग हुकमाला दाद देईना, तेव्हा ट्रकबरोबर आलेल्या दोघांना तो हातानं उचलायला सांगितलं गेलं. दोघंही सारिकाबरोबर वर्षानुवर्षं फेरीवर असलेले. मालनबाई पलंगावर बसून शेंगा सोलत होत्या.

"उचलता व्हय रं?" त्यांनी विचारलं.

"नाही मावशी," त्यातला एक म्हणाला. "पाणी द्या घोटभर." पाणी पिऊन ते निघून गेले. इतर त्रेसष्ट घरांत ट्रक त्या दिवशी गेला नाही, आणि नंतरही गेला नाही.

सारिकाची नोकरी गेली. तसं पत्र आलं, आणि सोबत सांगलीच्या कार्यालयात हजर राहण्याची नोटीस. कार्यालय चकचकीत होतं. प्रतीक्षालयातल्या बाकांवर लोक बसलेले. आत अभिजित होता, आणि त्याच्याहून वरचे एक साहेब. साहेबांनी एक कागद पुढे सरकवला.

"आम्ही नियम बदलतोय," ते म्हणाले. "यापुढे प्रत्येक घराला एक तृतीयांश पेरं स्वतः कुलूपबंद करता येतील. फोनवरच सोय असेल. त्यामुळे हे इस्त्रीचे प्रकार करायची कुणाला गरज उरणार नाही. तुमची वीस पेरंही परत देऊ, नोकरीचाही विचार करू. एवढ्यावर सही करा."

सारिकानं वाचलं. 'माझ्या हातून घडलेल्या चुकीबद्दल मी दिलगीर आहे. सदर पद्धत धोकादायक असून ती कुणीही वापरू नये, असे मी जाहीर करते.'

"आणि उद्या तुम्ही एक तृतीयांशचं एक दशांश केलंत तर?" तिनं विचारलं.

"तसं का करू?"

"पंचेचाळीस दिवस का केले होते?"

साहेबांनी अभिजितकडे बघितलं. अभिजित खिडकीबाहेर बघत होता. तिकडेच बघत तो म्हणाला, "साहेब, पद्धत धोकादायक नाही. मी स्वतः करून बघितलीय."

सारिकानं कागदावरचा सगळा मजकूर एका आडव्या रेघेनं खोडला आणि खाली लिहिलं: चूक झालेली नाही. पुढे नाव लिहिलं, तारीख घातली आणि कागद परत सरकवला.

ती बाहेर आली तेव्हा प्रतीक्षालयातून एक नवरा-बायको उठून तिच्यापाशी आले. नवऱ्याच्या एका पायाला प्लास्टर होतं. नदीपलीकडच्या वसाहतीतले होते. ते सवलतीचा अर्ज घेऊन चौथ्यांदा आले होते. बाईनं आवाज अगदी खाली आणून विचारलं, "ताई, ते टेकाडीतलं खरं आहे का? आम्हाला कुणी सांगेना."

साहेबांच्या खोलीचं दार उघडंच होतं. सारिका बाकावर बसली आणि त्या दोघांना शेजारी बसवून घेतलं. मग बाकावरचे सगळे वळून बघतील एवढ्या मोठ्यानं तिनं सांगायला सुरुवात केली.

"इस्त्री मध्यम ठेवायची. खाली ओलं फडकं घ्यायचं. आणि घाई करायची नाही."